कर्जाचा कर्ता कोण?

भारतीय संविधानाच्या 292 व्या अनुच्छेदाने केंद्र सरकारला देशाच्या एकत्रित निधीच्या तारणावर कर्ज उभारण्याचा अधिकार दिला आहे आणि संसदेने कायद्याने मर्यादा ठरवली असेल तर तिच्यात राहून तो वापरावा असे म्हटले आहे. अशी मर्यादा ठरवणे मात्र संसदेवर बंधनकारक केलेले नाही. संविधान सभेत 1949 च्या ऑगस्टमध्ये या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा, संसद हा विषय गांभीर्याने घेईल आणि सरकारच्या या अधिकाराला कायदे करून आवर घालत राहील, अशी आशा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलून दाखवली होती. चलननिर्मिती राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नये, हे रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या 1923 च्या ग्रंथात आग्रहाने मांडणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाची ही आशा होती, हे लक्षात घेतले की तिचे वजन कळते. तसा पहिला कायदा संसदेने केला तो 2003 साली, म्हणजे चोपन्न वर्षांनी.

सरकारी कर्जाची चर्चा आकड्यांच्या आकारापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच विरते, म्हणून आधी आकड्यांचा अर्थ पाहणे बरे. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात एकूण खर्चाचा अंदाज 50.65 लाख कोटी रुपयांचा होता आणि कर्ज वगळता इतर सर्व मार्गांनी येणारी रक्कम 34.96 लाख कोटींची; या दोहोंतील 15.69 लाख कोटींच्या अंतराला राजकोषीय तूट म्हणतात, आणि ती स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या 4.4 टक्के भरत होती. त्याच वर्षी जुन्या कर्जावरील व्याजापोटी 12.76 लाख कोटी द्यायचे होते. राजकोषीय तुटीतून हे व्याज वजा केले की उरते ती प्राथमिक तूट, आणि ती तीन लाख कोटींच्याही आत होती. म्हणजे नव्याने काढायच्या कर्जाचा सुमारे चार पंचमांश भाग जुन्या कर्जाच्या व्याजाइतका होता. चालू खर्चही चालू उत्पन्नातून भागत नाही तेव्हा पडणाऱ्या तिसऱ्या अंतराला महसुली तूट म्हणतात. रेल्वेमार्ग, धरणे किंवा बंदरे बांधण्यासाठी कर्ज काढणे आणि पगार, निवृत्तिवेतन किंवा अनुदाने देण्यासाठी ते काढणे यांत फरक करायचा तर तो याच तिसऱ्या आकड्यावरून करता येतो, आणि राजकीय भाषणांत सर्वांत कमी ऐकू येतो तो हाच आकडा.

कर्ज हे मुळातच पाप आहे अशी भूमिका येथे घ्यायची नाही. मंदीत किंवा महासाथीत, लोकांचे उत्पन्न आटलेले असताना, सरकारनेही हात आखडता घेतला तर संकट अधिक खोल जाते. 2020-21 मध्ये केंद्राची तूट 9 टक्क्यांच्या वर गेली, ती गेली नसती तर अधिक वाईट झाले असते. शिवाय केंद्राचे कर्ज बहुतांशी रुपयांतले आणि देशातल्याच संस्थांकडून घेतलेले आहे. बँकांना आपल्या ठेवींचा आणि तत्सम देण्यांचा 18 टक्के भाग मुख्यत्वे सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो आणि आयुर्विमा महामंडळ व भविष्य निर्वाह निधी यांचाही फार मोठा पैसा तिथेच असतो, त्यामुळे या कर्जाचा धनको शोधायला गेले तर तो अखेर बँकेत ठेव ठेवणारा आणि विमा उतरवणारा सामान्य माणूसच निघतो. सरकार दिवाळखोरीत जाईल ही भीती म्हणूनच अतिरंजित आहे. महागाई वाढून ठेवीची किंमत झिजणे आणि व्याजामुळे शाळा-दवाखान्यांचा पैसा आटणे, हे धोके अधिक खरे आहेत, कारण ते हळूहळू येतात आणि त्यांचा जाब कोणाला विचारायचा हे कळत नाही.

राज्याची तुलना कुटुंबाशी करणे अर्थशास्त्रज्ञांना आवडत नाही, आणि ते बरोबरही आहे, कारण कुटुंबाला कर लावता येत नाही की नोटा छापता येत नाहीत. तरीही एका बाबतीत एकत्र हिंदू कुटुंबाचा जुना कायदा आजच्या राज्यव्यवहारापेक्षा पुढे होता. त्या कायद्याप्रमाणे कुटुंबाच्या मिळकतीवर बोजा चढवण्याचा अधिकार कर्त्याला होता, पण त्यासाठी कुटुंबाची खरी निकड किंवा मिळकतीचे हित असावे लागे. ती निकड होती, किंवा निदान आपण तशी प्रामाणिक चौकशी केली होती, हे सावकाराला सिद्ध करावे लागे. आणि जुगारासारख्या अव्यावहारिक कारणांसाठी बापाने काढलेले कर्ज मुलांवर पडत नसे. राज्याच्या कर्जाला असा कर्ता नाही. ज्यांच्यावर बोजा पडणार त्यांच्यापैकी कित्येक अजून जन्मलेले नाहीत, आणि ज्यांनी तो चढवला ते फेडीच्या वेळी सत्तेत नसतात.

हे निनावीपण कार्यपद्धतीतच मुरलेले आहे. संसदेत प्रत्येक खात्याच्या अनुदानाच्या मागणीवर मतदान होते, निदान व्हावे अशी अपेक्षा असते. परंतु कर्जावरील व्याज हा संविधानाच्या 112 व्या अनुच्छेदानुसार एकत्रित निधीवर भारित असलेला खर्च असल्यामुळे, पुढील अनुच्छेदाप्रमाणे त्यावर चर्चा करता येते, मत देता येत नाही. धनकोचा विश्वास टिकावा म्हणून केलेली ही तरतूद योग्यच आहे, फक्त तिचा परिणाम असा की केंद्राच्या खर्चातील जवळजवळ एक चतुर्थांश भाग मतदानापलीकडे गेला आहे. त्यातच कर्जाची रक्कम हा खर्चातून उत्पन्न वजा केल्यावर उरणारा शेषांक मानला जातो. खर्चाला खाते असते, मंत्री असतो, भूमिपूजनाची कोनशिला असते. शेषांकाला यांपैकी काहीच नसते.

स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत मोठी मोकळीक तर संसदेच्या निर्णयानेही आली नव्हती. 1955 मध्ये अर्थ मंत्रालय आणि रिझर्व्ह बँक यांच्यात अशी व्यवस्था ठरली की सरकारची शिल्लक ठराविक पातळीखाली गेली की बँकेने आपोआप तदर्थ कोषागार हुंड्या, म्हणजे सरकारने बँकेलाच लिहून दिलेली अल्पमुदतीची वचनपत्रे, स्वीकारून खात्यात पैसे भरावेत. तात्पुरती सोय म्हणून आलेली ही हुंडी पुढे तुटीचे कायमचे साधन झाली आणि 1974 पासून तिच्यावरील व्याज 4.6 टक्क्यांवर गोठवले गेले. 1955 मध्ये ही व्यवस्था ठरली तेव्हा अर्थमंत्रिपदी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. काटेकोरपणाबद्दल ज्यांचा दाखला दिला जातो त्यांच्याच कारकिर्दीत ही वाट उघडली, यावरून संस्थात्मक बंधनाची जागा व्यक्तीच्या सचोटीने भरून निघत नाही एवढे दिसते. सप्टेंबर 1994 च्या करारानंतर टप्प्याटप्प्याने 1997 मध्ये ही पद्धत बंद झाली.

तत्पूर्वी 1991 येऊन गेले होते. ऐंशीच्या दशकात केंद्राची तूट सतत मोठी राहिली, 1990 मध्ये शेतकऱ्यांची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ झाली, आखाती युद्धाने तेल महागले, आणि परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत 20 टन सोने परदेशी पाठवण्याचा निर्णय ज्या चंद्रशेखर सरकारला घ्यावा लागला, त्याला पूर्ण अर्थसंकल्प मांडण्याइतकेही आयुष्य मिळाले नव्हते. जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे 47 टन सोने नरसिंह राव सरकारच्या काळात गहाण पडले. कर्ज एकाने वाढवावे, त्यात दुसऱ्याने भर घालावी आणि सोन्याचा डाग तिसऱ्याच्या कपाळी यावा, असा हा क्रम होता. त्या तिसऱ्या, म्हणजे चंद्रशेखर सरकारचे अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनीच पुढे वाजपेयी सरकारात असताना, डिसेंबर 2000 मध्ये, राजकोषीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्पीय व्यवस्थापन विधेयक मांडले, ही घटना योगायोगापेक्षा जास्त बोलकी आहे.

आंबेडकरांनी अपेक्षिलेला कायदा तो हाच. जसवंत सिंग अर्थमंत्री असताना तो मंजूर झाला आणि पी. चिदंबरम यांच्या काळात, जुलै 2004 मध्ये, लागू झाला. महसुली तूट नाहीशी करणे आणि राजकोषीय तूट 3 टक्क्यांवर आणणे ही त्याची उद्दिष्टे होती. 2007-08 मध्ये तूट 2.5 टक्क्यांपर्यंत उतरलीही, परंतु तो आकडा पूर्ण खरा नव्हता. पेट्रोल-डिझेल स्वस्त ठेवण्यासाठी तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी सरकारी रोखे देण्यात येत होते, आणि रोखे म्हणजे उद्या द्यायचे पैसे असल्याने ते त्या वर्षीच्या तुटीत दिसत नव्हते. हा भार मुलांवर ढकलला जात आहे, असे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीच जून 2008 मधील राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात म्हटले होते. तरीही सुमारे 1.3 लाख कोटींचे रोखे पुढील सरकारसाठी शिल्लक राहिले. त्या पुढील सरकारने 2021 मध्ये इंधनावरील कर कमी न करण्याचे कारण म्हणून याच रोख्यांकडे बोट दाखवले. मात्र 2016-17 पासून अन्न महामंडळाला अन्नधान्य अनुदानाऐवजी राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज देऊन, म्हणजे टपाल कार्यालयांत जमा झालेल्या बचतीतून, तूट लहान दाखवण्याचा मार्ग त्याच सरकारने धरला होता. हे देणे दोन लाख कोटींच्या पुढे गेल्यावर 2020-21 मध्ये ते अर्थसंकल्पात उघडपणे घेऊन फेडण्यात आले, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

कायद्याचे उद्दिष्ट गैरसोयीचे झाले की उद्दिष्टच बदलायचे, यावर मात्र केंद्रात सत्तेवर आलेल्या दोन्ही आघाड्यांचे एकमत दिसते. 2012 च्या वित्त अधिनियमाने ‘प्रभावी महसुली तूट’ नावाचे नवे, सौम्य माप आणले. 2018 च्या वित्त अधिनियमाने महसुली तुटीचे उद्दिष्टच काढून टाकले आणि त्याऐवजी 2024-25 अखेर केंद्राचे कर्ज उत्पादनाच्या 40 टक्क्यांच्या आत आणण्याचे ठरवले. हे वित्त विधेयक 14 मार्च 2018 रोजी लोकसभेत गदारोळात, चर्चेविना मंजूर झाले. केंद्राच्या कर्जावर मर्यादा घालणारा एकमेव कायदा बदलताना एकाही सदस्याचे मत नोंदले गेले नाही. प्रत्यक्षात 2024-25 अखेरचे प्रमाण 57 टक्क्यांच्या आसपास राहिले. महासाथीचे कारण खरे आहे, पण उद्दिष्ट हुकल्याबद्दल कोणाला खुर्ची सोडावी लागली नाही की सभागृहात सविस्तर हिशेब द्यावा लागला नाही, आणि नवे उद्दिष्ट म्हणून मार्च 2031 पर्यंत 50 टक्क्यांच्या आसपास हा आकडा आता पुढे आला आहे.

राज्यांवर मात्र केंद्राचा धाक आहे, कारण केंद्राचे देणे बाकी असेपर्यंत 293 व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याला त्याच्या संमतीविना कर्ज काढता येत नाही; महामंडळांची कर्जेही राज्याच्या खात्यात धरावीत का, यावर केरळने सर्वोच्च न्यायालयात मांडलेला वाद 2024 मध्ये घटनापीठाकडे गेला. महाराष्ट्राला या धाकाची झळ फारशी लागलेली नाही, कारण येथील उत्पादन मोठे असल्याने कर्जाचे प्रमाण अजून मर्यादेत आहे. पण प्रमाण मर्यादेत असणे आणि निर्णय जबाबदारीने होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. 28 जून 2024 रोजी राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्याच अधिवेशनात 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, ज्यांत नुकत्याच जाहीर झालेल्या लाडकी बहीण योजनेचाही समावेश होता. पुरवणी मागणी ही वर्षाच्या मध्यात उद्भवणाऱ्या अनपेक्षित गरजेसाठी असते. काही दिवसांपूर्वीच मांडलेल्या अर्थसंकल्पात न मावलेल्या योजनेला अनपेक्षित म्हणणे कठीण आहे. त्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी या योजनेतून महिलांना मिळणाऱ्या महिना 1,500 रुपयांचे 2,100 करण्याचे आणि विरोधकांनी 3,000 देण्याचे वचन दिले. पैसा कोठून येईल हे विचारायला उरले कोणीच नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली तूट 45,891 कोटींची आणि कर्ज 9.32 लाख कोटींवर जाण्याचा अंदाज होता.

गरीब स्त्रीच्या हातात दरमहा पैसे पडणे हा या व्यवहारातला दोष नाही. तिला ते देण्यासाठी कोणावर कर वाढवायचा किंवा कोणता खर्च कापायचा हे न सांगणे, हा दोष आहे. अशा योजनांवर टीका करणारा सुस्थित वर्ग स्वतःला मिळणाऱ्या करसवलतींविषयी आणि वेतन आयोगांविषयी गप्प राहतो, म्हणून त्याच्या टीकेला नैतिक बळ येत नाही.

उपाय अगदीच अज्ञात नाहीत. एन. के. सिंह समितीने 2017 मध्ये स्वायत्त राजकोषीय परिषद सुचवली होती, म्हणजे सरकारचे अंदाज तपासून ते खरे की फुगवलेले हे जाहीरपणे सांगणारी संस्था. ब्रिटनमध्ये 2010 पासून अशी संस्था आहे, भारतात ती झालेली नाही. अमेरिकेप्रमाणे कर्जाच्या कमाल रकमेवर वेगळे मतदान घेण्याचा मार्ग मात्र येथे आणू नये, कारण खर्च आधी मंजूर करून कर्जावर नंतर भांडण्याने तिथे नाटकाखेरीज फारसे काही साधलेले नाही. मतदान खर्चाच्या वेळीच व्हावे, आणि प्रत्येक मोठ्या योजनेसोबत तिच्यासाठी किती कर्ज काढावे लागेल, ते किती वर्षांत व कोणत्या उत्पन्नातून फिटेल, याचे मंत्र्याच्या सहीचे निवेदन सभागृहापुढे यावे. यासाठी संविधानात बदल करावा लागत नाही. नियमांत सुधारणा पुरते.

नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा पुन्हा पुरवणी मागण्या मांडल्या जातात. त्यांवरील चर्चेत आपल्या मतदारसंघाच्या आमदाराने काय विचारले, आणि काहीच विचारले नसेल तर का नाही, याची चौकशी वाचकांनी पत्र लिहून त्यांच्याकडेच करावी.