क्रोशाचा उन्हाळी टॉप: विणायला सोपा, पण किंमत लावताना हात का थरथरतो?



क्रोशावर धंदा करायचा म्हटलं की बहुतेक ताई तोरण, रुमाल नाहीतर बाळाची टोपी घेऊन येतात. माझं म्हणणं, यंदा टॉप करा. सुती, जाळीचा, बिनबाह्यांचा. बुलढाणा शहर डोंगरावर आहे म्हणून जरा बरं, पण खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

आधी दोरा. दुकानात 'लोकर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक अॅक्रिलिक असतं. स्वस्त आहे, रंग झकास आहेत, पण मे महिन्यात अंगात घालून बघा! घाम जिरतच नाही. म्हणून सुती दोराच घ्या, बारीक, आणि सुई साधारण ३.५ मिलिमीटरची. इथं मला एक गोष्ट नेहमी टोचते. खामगावच्या कापसासाठी इंग्रजांनी १८७० मध्ये जलंबहून खास रेल्वेचा फाटा टाकला. कापूस आजही आपल्याच शेतात पिकतो, आणि क्रोशाचा दोरा मात्र आपण बाहेरून आलेला, लेबल लावलेला विकत घेतो. असो. मधला नफा दुसऱ्याचा झाला, निदान शेवटचा तरी आपला राहू द्या.

टॉपचं गणित अगदी सरळ आहे. दोन चौकोनी तुकडे विणायचे, खांद्यावर आणि बाजूंना जोडायचे. गळ्याचा आकार, बाहीची गोलाई, काही नाही. छाती ३६ इंच असेल तर २ इंच सैल धरा, म्हणजे ३८, म्हणजे एक तुकडा १९ इंच रुंद. एक खांब, एक साखळी, पुन्हा एक खांब, अशी जाळी घाला. सगळा टॉप मुक्या खांबांनी भरला तर तो जड होतो, गरम होतो आणि दोराही खातो. मुका खांब फक्त काठाला.

नमुन्याचा तुकडा विणल्याशिवाय मात्र टॉपला हात लावू नका. चार इंचाचा चौकोन विणा, धुवा, सपाट वाळवा, मग मोजा. एक खांब आणि एक साखळी मिळून एक घर. चार इंचात १० घरं बसली तर १९ इंचाला ४८ घरं लागतील. तुमचा हात घट्ट असेल तर आकडा बदलेल, म्हणून माझा आकडा उचलू नका. खांदे जोडताना मधे १० इंच गळ्यासाठी सोडा, बाजूंना वरून ८ इंच हातासाठी. झालं. आणि गिऱ्हाइकाला बजावून सांगा, ओला टॉप दोरीवर टांगायचा नाही, चटईवर पसरायचा. ओली सुती जाळी स्वतःच्याच वजनानं लांबते.

आता तुम्ही म्हणाल, "सर, आपल्याकडे असला जाळीचा टॉप घालणार कोण?" रास्त प्रश्न आहे. समोरून उघडा ठेवा, म्हणजे पुढचा तुकडा दोन भागांत विणा. कुर्तीवर घालायचं जॅकेट तयार! कॉलेजच्या मुली घेतात, शाळेतल्या बाईही घेतात. शेगावच्या गर्दीत मात्र टॉप विकायला बसू नका. दर्शनाला आलेला माणूस माप देऊन आठ दिवस थांबत नाही.

आता खऱ्या दुखण्यावर येतो. किंमत.

दोन्ही तुकड्यांच्या मिळून शंभरच्या वर ओळी होतात. नवशिक्या हाताला १८ तास धरा. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी रोज ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९. अठरा तासांचे ७०२ रुपये. दोरा ३०० चा धरा, पिशवी-लेबल-कुरिअर १००. झाले ११०२. यात नफ्याचा एक रुपया नाही, नुसती मजुरी निघाली. तुमच्या गावचा दोऱ्याचा भाव वेगळा असेल, तो घालून हेच गणित वहीत करा.

आणि तुम्ही टॉप कितीला सांगता? साडेतीनशेला! का, तर "घरी बसल्या बसल्याच केला ना."

या 'बसल्या बसल्या'नं काय होतं ते बघायचं असेल तर आंध्रातल्या नरसापूरकडे बघा. तिथं मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात लेसकाम आणलं. तिथल्या बायकांची लेस परदेशात गेली. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-आठ तास विणायच्या आणि हातात पडायचं ते शेतमजूर बाईच्या किमान मजुरीपेक्षाही कितीतरी कमी. कारण काय, तर त्या 'गृहिणी', फावल्या वेळात करतात. व्यापारी मात्र मोठे झाले.

कारखान्यात क्रोशासारखी दिसणारी जाळी मशीनवर निघते, पण खरा क्रोशा आजही हातानंच होतो. म्हणजे बाजारात खरा क्रोशा फार स्वस्त मिळत असेल तर कुणाच्या तरी तासांचे पैसे बुडालेत. ते तास तुमचे असू नयेत एवढंच मी म्हणतो.

अकराशेला गिऱ्हाईक नाही मिळालं तर? भाव पाडू नका, वस्तू लहान करा. बाळाचं झबलं करा, तास कमी लागतात. हात बसला की टॉपचेही तास कमी होतात. तेव्हा तासाचा दर तोच ठेवून किंमत खाली आणा, गिऱ्हाइकाला परवडेल आणि तुम्हालाही. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत शेतावर याहून जास्त सुटत असेल तर सुई बाजूला ठेवून खुशाल वेचणीला जा. धंदा आहे, व्रत नाही.

पहिली ऑर्डर आली की दोऱ्याचे पैसे आगाऊ घ्या, नमुन्याचा चौकोन दाखवून माप आणि रंग पक्का करा. पहिली साखळी घालताना घड्याळ बघा आणि वहीत वेळ लिहा. उठलात की परत लिहा. टॉप पूर्ण झाला की तासांची बेरीज मला कॉमेंटमध्ये कळवा, विकलेल्या किमतीसकट.