इगतपुरीचे आतले रस्ते रुंद नकोत, संथ हवेत

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूरपासून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. इगतपुरीजवळच्या सुमारे पावणेआठ किलोमीटर लांबीच्या जुळ्या बोगद्यामुळे कसारा घाट टाळून काही मिनिटांत डोंगर ओलांडता येतो. ज्याला घाई आहे त्याची सोय झाली. हे काम आवश्यक होते की नव्हते हा वाद आता मागे पडला आहे. मात्र या महामार्गामुळे एक वेगळा प्रश्न पुढे आला असून त्याची चर्चा फारशी होत नाही. वेगवान वाहनांसाठी एवढा खर्च करून स्वतंत्र वाट काढल्यानंतर तालुक्यातले बाकीचे रस्ते कशासाठी आणि कोणासाठी ठेवायचे? घोटीहून भंडारदऱ्याकडे, वैतरणेकडे आणि त्र्यंबककडे जाणारे, भावली धरणाला वळसा घालणारे रस्तेही त्याच वेगाच्या मापाने रुंद करत न्यायचे, की त्यांचा वेग जाणीवपूर्वक कमी ठेवून ते सायकलसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी राखायचे? माझ्या मते दुसरा पर्याय अधिक शहाणपणाचा आणि स्वस्त आहे. शिवाय समृद्धीमुळे तो आता पहिल्यापेक्षा सोपाही झाला आहे.

सायकलस्वाराच्या नजरेने हा तालुका पाहिला तर मुद्दा स्पष्ट होतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे सह्याद्रीचा मोठा चढ संपतो तिथे. पुढचे रस्ते दारणा, वैतरणा, भावली, मुकणे अशा जलाशयांच्या आणि भातखाचरांच्या कडेने चढ-उतार करत जातात. कोल्हार-घोटी राज्यमार्गाने पिंपळगाव मोर आणि वासाळी मागे टाकून बारीकडे निघाले की अलंग, मदन, कुलंग हे दुर्गत्रिकूट आणि १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई सोबतीला असते. वैतरणेकडून खोडाळ्याला जाणारी वाट जंगलातून जाते. दमवणारा चढ, मग श्वास घ्यायला पठार आणि पाण्याकाठची सपाटी, असा क्रम इथे आपोआप मिळतो. नाशिक जवळ आहे आणि त्या शहरात सायकलची संस्कृती रुजलेली आहे. अमेरिकेचा खंड ओलांडणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत २०१५ साली दोघांच्या संघाने पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू नाशिकचेच. दर्जेदार सायकलमार्गासाठी लागणारी भूमी आणि माणसे दोन्ही इथे आहेत. कमतरता आहे ती फक्त सुरक्षित रस्त्याची.

रस्ता सायकलसाठी सुरक्षित कशाने होतो, याबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे. रुंदी वाढली की सायकलला जागा मिळेल, असे वाटते. प्रत्यक्षात मिळालेली रुंदी मोटार घेते, आणि तीही वेगाच्या रूपाने. वळण सरळ केले, झाडे काढली, समोरचे दूरपर्यंत दिसू लागले की चालकाचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जास्त दाबला जातो. त्याचा परिणाम साध्या पदार्थविज्ञानाने कळतो. वेग ताशी ३० वरून ६० किलोमीटर झाला की वाहनाची गतिज ऊर्जा दुप्पट न होता चौपट होते आणि धडकेत ती सायकलवरच्या शरीराला सोसावी लागते. केंद्र सरकारच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. त्यातच इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो सर्वांत आधी डांबराच्या कडा आणि साइडपट्टी खातो. रस्ता दुपदरी असो की चौपदरी, कडेला अर्ध्या फुटाचा खड्डा आणि सुटी खडी असेल तर सायकलस्वार रस्त्याच्या मध्यावर ढकलला जातो आणि मागून येणारी गाडी त्याच जागेवर हक्क सांगत असते. म्हणून या भागात रुंदीकरणापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात : वेगावर मर्यादा आणि कडेची देखभाल.

यावर पहिला आक्षेप येतो तो वर्गाचा. मुंबई-पुण्याहून महागड्या सायकली घेऊन येणाऱ्या चार हौशी लोकांसाठी आदिवासी तालुक्याने आपले रस्ते का बदलावेत? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर केवळ पर्यटनाच्या नावाने देता येणार नाही. मात्र या रस्त्यांवर रोजच्या रोज कोण असते, तेही पाहायला हवे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. सायकल देणारे सरकार आणि ती ज्या रस्त्यावर चालवायची तो रस्ता बांधणारे सरकार एकच आहे, पण पहिल्याच्या योजनेचा दुसऱ्याच्या आराखड्यात मागमूस नसतो. भाताच्या आवणीला निघालेल्या बाया, गुरे घेऊन चाललेला गुराखी, बाजाराच्या दिवशी घोटीला पायी किंवा सायकलने येणारा ठाकर किंवा महादेव कोळी समाजातला माणूस, या सगळ्यांना हवा असलेला रस्ता आणि हौशी सायकलस्वाराला हवा असलेला रस्ता यांत काडीचाही फरक नाही. दोघांनाही गाड्या हळू हव्यात आणि कड शाबूत हवी. बाहेरून येणाऱ्याच्या हौसेमुळे स्थानिकांच्या जुन्या गरजेकडे लक्ष जाणार असेल, तर त्याबद्दल कुरकुरण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप विकासाचा. तालुक्याचा तांदूळ घोटीच्या गिरण्यांत यायचा, भाजी-दूध बाजारात पोहोचवायचे, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे, तर रस्ते रुंद आणि वेगवान नकोत का? इथे हिशेब मांडून पाहावा. वीस किलोमीटर अंतर ताशी ६० च्या वेगाने वीस मिनिटांत कापले जाते, तर ४० च्या वेगाने अर्ध्या तासात. म्हणजे फरक दहा मिनिटांचा. तो शून्य आहे असे मी म्हणणार नाही आणि रुग्णवाहिकेला वेगमर्यादा लावा असेही कोणी म्हणत नाही. पण टेम्पोचे आणि रुग्णवाहिकेचे खरे नुकसान खड्ड्यांनी होते आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी होणाऱ्या कोंडीने होते. भावली किंवा पहिने परिसरात त्या दिवशी पोलिसांना बंदोबस्त लावावा लागतो, तो धबधब्यांपाशी गाड्यांची रीघ लागते म्हणून. तिथे रस्ता दुप्पट केला तर गाड्याही दुप्पट येतील, कारण गर्दीचे मूळ धबधब्याच्या ओढीत आहे. त्र्यंबकचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे कुंभमेळा भरतो, लाखो भाविक येतात. त्यासाठी एखादा मुख्य रस्ता वाढवावाच लागला तर वाढवावा. पण त्यात दोन्ही कडांना पक्की, पांढऱ्या पट्ट्याने वेगळी केलेली साइडपट्टी सुरुवातीपासून धरावी आणि कुंभाच्या नावाखाली आजूबाजूच्या वाटांचे सपाटीकरण उरकून घेऊ नये.

वाहनांवर अशी बंधने घातली की पर्यटन बुडते, हा तिसरा आक्षेप महाराष्ट्राच्याच अनुभवापुढे टिकत नाही. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे आणि माथेरान ओस पडलेले नाही. शेजारच्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात पावसापूर्वी काजवे पाहायला गर्दी उसळते, तेव्हा वन विभाग वाहनांवर आणि दिव्यांवर निर्बंध घालतो. म्हणजे नियमन इथे नवे नाही, फक्त ते प्रसंगापुरते होते. सायकलसाठी वेगळे मार्ग बांधण्याचा आग्रहही मी धरणार नाही. डोंगरात स्वतंत्र ट्रॅक म्हणजे पुन्हा कातळ फोडणे आणि झाडे तोडणे आले. जपानमध्ये बेटांना जोडणाऱ्या पुलांवरून जाणाऱ्या शिमानामी काइदो या सुमारे ७० किलोमीटरच्या प्रसिद्ध सायकलमार्गाचा बराच भाग गावांतल्या साध्या रस्त्यांवरूनच जातो. तिथे कडेने एक निळी रेघ ओढलेली आहे, ती सायकलस्वाराला वाट दाखवते आणि मोटारचालकाला त्याची आठवण देते. स्पेनमध्ये सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. यांतले काहीही आपल्याला न झेपणारे नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तेव्हा पुणे जिल्ह्यातले डोंगराळ रस्ते सायकलच्या चाकाला चालतील असे तयार करण्यात आले. परदेशी स्पर्धकांसाठी चार दिवस जे जमते, ते शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी बारा महिने का जमू नये?

आर्थिक लाभाचे आकडे फुगवून सांगण्यात अर्थ नाही. सायकलने फिरणारे संख्येने थोडेच असतील आणि बहुतेक ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच येतील. भर पावसात धुके आणि दरडींमुळे त्यांनी यावे असा आग्रहही नको. पण सायकलस्वाराला दर तासा-दीड तासाला खायला-प्यायला लागते आणि दिवसभराच्या चढानंतर मुक्काम लागतो. त्याचा पैसा एका मोठ्या रिसॉर्टच्या फाटकाआड न जाता वाटेवरच्या खानावळीत, बारीसारख्या गावातल्या घरगुती मुक्कामात पडतो. त्याच्यासाठी वाहनतळ लागत नाही. त्याला इथवर आणण्याची अडचण मात्र खरी आहे. मुंबईची लोकल कसाऱ्याला संपते आणि त्यापुढचा घाट अवजड वाहनांचा आहे. समृद्धीवर सायकल तर सोडाच, मोटारसायकललाही परवानगी नाही. ज्या थळ घाटात रेल्वेने १८६५ साली १:३७ च्या चढावरून गाडी वर नेली, तिथे सुटीच्या दिवशी एखाद्या गाडीला सायकली ठेवण्याजोगा डबा जोडणे तिला जड नाही.

म्हणून मागणी मोठी नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषद यांनी घोटी-बारी, घोटी-वैतरणा-खोडाळा आणि भावलीभोवतालचे रस्ते ‘संथ मार्ग’ म्हणून जाहीर करावेत. तिथे वेगमर्यादा ताशी ४० आणि गावठाणातून ३० असावी, ती फलकांवर लिहून न थांबता रस्त्याच्या आखणीतून आणि तपासणीतून पाळायला लावावी. दर पावसाळ्यानंतर, दिवाळीपूर्वी साइडपट्ट्या भरून घेण्याचे काम ठेकेदाराच्या देखभाल करारातच लिहावे. कडेची मोठी झाडे तोडायची असतील तर ती का, याचे कारण ग्रामसभेपुढे मांडावे. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने सायकलस्वार आणि पादचारी यांच्या अपघातांचा या मार्गांपुरता वेगळा आढावा घ्यावा. या सगळ्याचा खर्च एका छोट्या रुंदीकरणापेक्षा कमी आहे आणि चूक निघाली तर निर्णय मागे घेता येतो. रुंदीकरणाच्या बाबतीत ती सोय नसते. एकदा सरळ झालेले वळण आणि तुटलेली झाडे परत मिळत नाहीत. तेव्हा निविदा निघण्याआधीच हा प्रयोग दोन वर्षे करून पाहावा आणि त्यानंतरच रुंदीचा विषय पुन्हा टेबलावर घ्यावा.