दुकान कोणाच्या नावावर?

आजकाल बचत गटाच्या मीटिंगमध्ये कर्जाच्या हप्त्याइतकाच हमखास निघणारा विषय म्हणजे, "ताई, हे ऑनलाइन विकायचं कसं हो?" पूर्वी हा प्रश्न सावेडीकडच्या सोसायट्यांतून यायचा. आता पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गटांतूनही येतो. माल तोच, आपल्या आया-आज्या करत आल्या तोच. कुरडया, पापड, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, गोधड्या. गिऱ्हाईक तेवढं बदललं. ते आता पुण्या-मुंबईत मोबाइल हातात घेऊन बसलंय.

आणि हा प्रश्न विचारणारीच्या तोंडी एक नाव ठरलेलं असतं. सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजेच 'आपली आजी'! नगर तालुक्यातलं गाव, वय सत्तरीचं, शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नाही. २०२० मध्ये नातवाने त्यांच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. कारल्याची भाजी लाखो लोकांनी पाहिली. पुढे घरचे मसालेही विकायला निघाले. नगरी बोलीतली ही आजी बघता बघता महाराष्ट्राची झाली. कौतुक वाटावं असंच आहे सगळं.

पण मैत्रिणींनो, या गोष्टीतला एक भाग फारसं कोणी सांगत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आजींचं ते चॅनल हॅक झालं. महिनोन् महिन्यांची मेहनत एका रात्रीत दुसऱ्याच कुणाच्या हातात! सुदैवाने काही दिवसांनी ते परत मिळालं. मला मात्र आजींच्या लाखो प्रेक्षकांपेक्षा ते चार दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. ऑनलाइन दुकानाला ना शटर, ना गल्ला. पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी, एवढीच त्याची किल्ली. ती ज्याच्या हातात, दुकान त्याचं.

आता आपल्या घराघरांत ही किल्ली कोणाकडे आहे? एका गटात मी सहज विचारलं, की बँकेचा ओटीपी स्वतःच्याच फोनवर कोणाकोणाला येतो? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "माझा येतो की, पण फोन पोराकडं असतो." दुसरीचं खातं तिचं, नंबर नवऱ्याचा. तिसरी पापड लाटते, फोटो पोरगी काढते, ऑर्डर दीर घेतो आणि पैसे दिराच्याच क्यूआर कोडवर जमा होतात. घरातलेच आहेत सगळे, भांडण काहीच नाही. पण मग व्यवसाय कोणाचा? उद्या गटाला कर्ज मागायचं, तर तिच्या नावावर उलाढाल किती दिसणार? बँकेच्या लेखी तिने वर्षभरात एकही पापड विकलेला नसतो!

हे काही आपल्याच जिल्ह्यातलं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ७९ टक्के स्त्रियांनी आपण स्वतः वापरतो असं बँक खातं असल्याचं सांगितलं. स्वतः वापरतो असा मोबाइल मात्र ५४ टक्के जणींकडेच होता आणि इंटरनेट एकदा तरी वापरलेल्या स्त्रिया अवघ्या ३३ टक्के. म्हणजे खातं आलं, पण त्याची किल्ली अजून वाटेतच आहे. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण'च्या दीड हजारासाठी बँकांपुढे ज्या रांगा लागल्या, त्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. आधार जोडायला किती जणी आल्या! योजनेबद्दल ज्याचं त्याचं मत असू दे. पण ते खातं नुसते पैसे काढून आणण्यापुरतं ठेवायचं, की त्यावर स्वतःचा धंदाही चालवायचा, एवढा विचार करायला काय हरकत आहे?

सरकारी नियमांतही एक बदल झाला, त्याची चर्चा आपल्यापर्यंत फारशी आलीच नाही. पूर्वी दुकान थाटून माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नसे. तोच माल मोठ्या ऑनलाइन कंपनीमार्फत विकायचा, तर मात्र पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. काय हा न्याय! १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट सैल झाली. उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि माल आपल्याच राज्यात विकायचा असेल, तर पूर्ण नोंदणीची गरज नाही. पॅनवर एक नावनोंदणी क्रमांक घेऊन काम भागतं. राज्याबाहेर माल धाडायचा असेल तर मात्र आधी जाणकाराला विचारा. आणि पॅन तुमचं स्वतःचं हवं बरं का, "ह्यांचं आहे ना" म्हणून चालणार नाही.

खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवीच, मग तो घरच्या ओट्यावर का केलेला असेना. २०११ च्या नियमांत लहान उत्पादकाला त्यासाठी वर्षाला फक्त १०० रुपये फी ठेवली होती. पाकिटावर नोंदणी क्रमांक, घटक पदार्थ, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख आणि पत्ता छापायचा. 'उद्यम' नोंदणीला तर सरकार एक रुपयाही घेत नाही. ती 'करून देतो' म्हणून दोन-दोन हजार मागणारे भेटतात, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

खरी अडचण पत्त्याच्या पुराव्याशी येते. वीजबिल सासऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याच्या. मग संमतीपत्र आणा, सह्या आणा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नवरा-बायको दोघांचं नाव लावण्याचा सरकारी निर्णय २००३ मधला आहे. इतक्या वर्षांनी आपल्या गावात किती उताऱ्यांवर बाईचं नाव आहे, ते जाऊन बघाच एकदा.

आपल्या जिल्ह्याला २०२४ मध्ये अहिल्यादेवींचं नाव मिळालं. चोंडीची ही लेक. होळकरांकडे 'खासगी' नावाची जहागीर होती, १७३४ पासून अहिल्यादेवींच्या सासूबाई गौतमाबाईंच्या नावाने चालत आलेली. सरकारी खजिना वेगळा, बाईच्या हक्काचं उत्पन्न वेगळं. पुढे अहिल्यादेवींचा दानधर्म याच खासगीतून झाला. वेगळं खातं म्हणजे आजकालचं फॅड, असं म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगावं!

आता थोडं हिशेबाचं. समजा काळा मसाला ७०० रुपये किलोने विकला. मिरची, खोबरं, धने, तेल, डंकाचे पैसे मिळून ४२० रुपये. पिशवी आणि खोका २५, कुरिअर ८०. उरले १७५. पाच किलो निवडून, भाजून, कुटून पॅक करायला दोन दिवस गेले, तर त्या दोन दिवसांचे मिळाले ८७५. घेणाऱ्याने एक पार्सल दारातूनच परत पाठवलं, की जाण्या-येण्याचा खर्च अंगावर. आपल्या बायका या हिशेबात स्वतःची मजुरी कधी धरतच नाहीत. "घरीच तर असते मी!" असं म्हणतात आणि मग शंभर लाइक मिळूनही हातात काही का राहत नाही, ते कळत नाही. मजुरी धरा, मगच भाव सांगा. महाग वाटलं तर गिऱ्हाईक जाईल, जाऊ दे.

सुरुवात ओळखीच्यांपासून, व्हॉट्सॲपवरूनच बरी. पैसे आधी, पार्सल मागून. 'उमेद'च्या गटांसाठी 'उमेद मार्ट' हे ऑनलाइन दालन आहे, त्याची चौकशी तालुक्याच्या कक्षात करा. "मी लष्करातून बोलतोय, पन्नास किलो पापड हवेत, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. फसलातच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

गेल्या दिवाळीत पाथर्डीकडच्या एका गटाने फराळाच्या ऑर्डरींसाठी जुना एक फोन घेतला आणि सचिवबाईंच्या नावाचं नवं सिम त्यात घातलं. पैसे थेट गटाच्या खात्यावर. तो फोन रात्री चार्जिंगला कुठे लावायचा, यावर म्हणे अख्खी एक मीटिंग झाली. शेवटी सचिवबाईंच्या देवघराशेजारी जागा ठरली. नातवंडांना त्या फोनवर कार्टून बघायची सक्त मनाई आहे, आणि नवऱ्यांनाही!