हवेचा धंदा आणि वहीतला हिशेब

जुन्नर तालुक्यातील निमगाव सावासारख्या गावात, एखाद्या किराणा पेढीवर पुढील प्रसंग सहज घडू शकतो. नुकताच बी.कॉम. झालेला मुलगा गल्ल्याजवळ उभा राहून म्हणतो, "पप्पा, मला फुग्यांच्या सजावटीचे काम सुरू करायचे आहे." वडील खतावणीतून मान वर न काढता विचारतात, "अरे, हवा विकून कोणाचा संसार चालला आहे?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याचे उत्तर थट्टेने नव्हे, हिशेबाने दिले पाहिजे.

रबरी फुगा खेळणे म्हणून जन्माला आला नाही. 1824 मध्ये मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी तो तयार केला. रबराचे दोन पापुद्रे एकमेकांवर ठेवून त्यांच्या कडा दाबल्या, आणि आतून चिकटू नयेत म्हणून पीठ भुरभुरले. आजचा फुगा रबराच्या झाडाच्या चिकापासून बनतो. दारावरचे आंब्याच्या पानांचे व झेंडूचे तोरण अजून टिकून आहे. परंतु बारसे, वाढदिवस, दुकानाचे उद्घाटन अशा प्रसंगी त्याच्या जोडीला फुग्यांची कमानही उभी राहू लागली आहे.

या कामाचे तंत्र साधे, पण शिस्तीचे आहे. सर्व फुगे एकाच मापाचे हवेत. त्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्याला हव्या त्या मापाचे गोल भोक पाडतात आणि प्रत्येक फुगा त्यातून तपासून घेतात. दोन फुग्यांची गाठ मारून जोडी होते. दोन जोड्या एकमेकींत पिळल्या की चार फुग्यांचा झुबका तयार होतो. असे झुबके दोरीवर किंवा तारेच्या सांगाड्यावर एकाला एक भिडवून बसवले की कमान उभी राहते. फुगा पूर्ण ताणू नये. अकरा इंची फुगा नऊ इंचांपर्यंतच भरला, तर तो गोल दिसतो आणि उन्हातही लवकर फुटत नाही.

आता आकडे पाहू. आठ फूट रुंद व आठ फूट उंच कमानीचा बाक सुमारे 20 फूट भरतो. एका फुटाला साधारण 6 फुगे धरले, तर 120 फुगे लागतील. फुटतुटीसाठी आणखी 12 धरावेत. समजा, एक फुगा 3 रुपयांना पडला, तर मालाचा खर्च 396 रुपये. हा आकडा पाहून नवखा माणूस हुरळून जातो. त्यात मदतनिसाची मजुरी, गाडीभाडे, पंपाची झीज आणि स्वतःचे पाच-सहा तास मिळवल्याशिवाय खरा खर्च कळत नाही. व्यापारी घरांतील नेहमीची चूक हीच, की घरच्या माणसाचे श्रम फुकट समजले जातात.

मालही नाशवंत आहे. ऊन, उष्णता व हवा यांनी रबर ठिसूळ होते. म्हणून पाकिटे थंड, अंधाऱ्या जागी ठेवावीत आणि आधी आलेला माल आधी वापरावा. चातुर्मासात लग्नसराई थांबते, हे ध्यानात घेऊनच खरेदी करावी. उधारीचे तर नावच नको. कापड परत घेता येते, धान्याची पोती मोजता येतात. पण समारंभ संपल्यावर फुटलेल्या फुग्यांवर वसुली कशाची करणार? निम्मी रक्कम नोंदणीच्या वेळी व उरलेली कमान उभी राहताच घ्यावी.

तथापि, सर्वांत मोठी जोखीम पैशाची नाही. तरंगणाऱ्या फुग्यांत हेलियम वायू भरणे सुरक्षित असले, तरी तो महाग पडतो. म्हणून काही ठिकाणी स्वस्त हायड्रोजन वापरला जातो, आणि तो ठिणगीसरशी पेटतो. ऑक्टोबर 2023 मध्ये लातूर शहरात फुगेवाल्याच्या गॅसच्या टाकीचा स्फोट होऊन विक्रेत्याचा मृत्यू झाला आणि भोवती जमलेली मुले जखमी झाली. मुलांच्या आनंदासाठी मांडलेला व्यवसाय मुलांच्याच जिवावर उठावा, याहून मोठा तोटा कोणता? कमानीला वायूची गरजच नसते. पंपाने भरलेली साधी हवा पुरते.

समारंभानंतरचे कामही व्यवसायाचाच भाग मानावे. फुटलेला तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. उकिरड्यावर गेलेला रबर व दोरा गुराढोरांच्या पोटात जातो, पक्ष्यांच्या पायांत गुंततो. जीवदयेचा संस्कार असलेल्या घराने तरी फुगे आकाशात सोडू नयेत, आणि कमान उतरवून प्रत्येक तुकडा वेचून आणण्याची मजुरी दरातच धरावी.

इतका हिशेब मुलाने कागदावर मांडून दाखवला, तर वडिलांनी काय करावे? खतावणीत एक कोरे पान उघडून त्यावर मुलाचे नाव घालावे, थोडे भांडवल नावे टाकावे आणि एकच अट घालावी: "टाकी आपल्या दारात येणार नाही." धंदा हवेचा असला, तरी तो शब्दाच्या वजनावरच उभा राहतो.