बीटी-सीटीचा रकाना आता काढा

रसायनीच्या एका वाचकाचे पत्र या महिन्यात आले. मोहोपाड्याजवळ त्यांची छोटी लॅब आहे. पाताळगंगा एमआयडीसीतले कामगार, आजूबाजूच्या गावांतले शेतकरी आणि इर्शाळगडाखालच्या वाड्यांमधले ठाकूर-कातकरी हे त्यांचे रुग्ण. हर्नियाच्या एका रुग्णाची शस्त्रक्रियेआधीची तपासणी त्यांच्याकडे आली. त्यांनी प्लेटलेट मोजल्या, स्मिअर पाहिला, पीटी आणि एपीटीटी केल्या आणि फॉर्मवरच्या बीटी-सीटीच्या रकान्यात ‘केली नाही, पीटी-एपीटीटी सोबत जोडली आहे’ असे लिहिले. फाइल परत आली. शेरा होता: ‘बीटी-सीटी नाही, अपूर्ण.’ मग रुग्णाला पुन्हा बोलावले, बोट टोचले, दोन आकडे भरले आणि फाइल मंजूर झाली. रुग्णाचा एका दिवसाचा रोज बुडाला. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, “चांगली टेस्ट केल्याची ही शिक्षा का?”

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. खोपोली आणि कर्जतच्या वाचकांचीही तक्रार हीच आहे. म्हणून या अंकात दुसरा विषय घेतलेला नाही.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांसाठी भरलेल्या एका शिबिराच्या रजिस्टरचे पान अलीकडेच आमच्या पाहण्यात आले. तेवीस रुग्ण. बीटी दीड किंवा दोन मिनिटे, सीटी साडेचार किंवा पाच मिनिटे. तिसरा आकडा पानावर नाही. पहिली नोंद अकरा वाजताची, शेवटची पावणेबाराची, अक्षर एकाच हाताचे. दर तीस सेकंदांनी फिल्टर पेपर टेकवायचा आणि त्याच वेळी कॅपिलरीचा तुकडा मोडून फायब्रिनचा धागा दिसतो का पाहायचे, असे दोन्ही सोबत चालवले तरी एका रुग्णामागे पाच मिनिटे जातात. तेवीस जणांना जवळजवळ दोन तास हवेत. ते पान पंचेचाळीस मिनिटांत भरले आहे. न केलेल्या टेस्टचा आकडा लिहिणे म्हणजे खोटा अहवाल देणे. गर्दी होती, फॉर्म अडला असता, ही कारणे त्याला पुरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर अहवालावर पॅथॉलॉजिस्टची सही लागते. तो खोटा आकडा त्या सहीने खरा ठरतो, हे सही करणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे.

आणि हा आकडा खरा काढला तरी तो सांगतो काय? ड्यूकने १९१० मध्ये बीटी वर्णिली ती कानाच्या पाळीवर. आपण बोट टोचतो आणि नाव ड्यूकचेच लावतो. लॅन्सेट किती खोल गेले, हात गार होता की गरम, यावर मिनिटे बदलतात. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या दोन मोठ्या संघटनांनी १९९८ मध्येच संयुक्त भूमिका जाहीर केली की शस्त्रक्रियेआधीच्या बीटीचा रुग्णाला काही फायदा नाही. हीमोफिलियात बीटी नॉर्मलच येते. कॅपिलरीची सीटी लांबते ती घटक जवळजवळ संपलेला असेल तेव्हा. घटक आठ दहा-पंधरा टक्के असलेला मुलगा बीटी-सीटीत सहज पास होतो आणि टॉन्सिल काढल्यानंतर रात्रभर रक्त ओकतो. हाच मुलगा चांगल्या अभिकारकाने केलेल्या एपीटीटीत बहुधा पकडला जातो. त्याआधी तो तीन प्रश्नांत पकडला जायला हवा: दात पडला तेव्हा रक्त किती वेळ वाहिले? टोचल्यावर गाठ येते का? मामाला किंवा मावसभावाला असा त्रास होता का? हे प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. पण फॉर्मवर त्यांच्यासाठी रकाना नाही.

हा रकाना कोण राखून आहे? प्रत्येक टेबलवर एकच उत्तर मिळते: ‘फॉरमॅट वरून आला आहे.’ वर विचारावे तर, ‘सर्जन मागतात.’ सर्जनना विचारावे तर, ‘फाइल अडू नये म्हणून लिहितो.’ एपीटीटी १९६१ पासून आजच्या रूपात वापरात आहे, तरी तिला फॉर्मवर जागा मिळालेली नाही. एक ओळ खोडून दुसरी छापण्याला अनुदान लागत नाही, पदभरती लागत नाही. लागते ती एका अधिकाऱ्याची सही, आणि तेवढ्यासाठी रोज शेकडो बोटे टोचली जात आहेत.

पण पीटी-एपीटीटी मागायची तर आपली पीटी-एपीटीटी भरवशाची हवी. इथे आपलेच बांधव मागे आहेत. निळ्या टोपणाची ट्यूब अर्धी भरून येते आणि ती तशीच लावली जाते. एकास नऊचे प्रमाण मोडले की लांबलेली एपीटीटी रुग्णाची नसते, सायट्रेटची असते. रसायनीहून पनवेलला जाणारे सॅम्पल बर्फाच्या डब्यात घालून पाठवले जाते. न फिरवलेले रक्त थंड करू नका. घटक सात चेतावतो, व्हॉन विलेब्रँड घटक घटतो, आणि तिकडचा पॅथॉलॉजिस्ट नसलेला आजार शोधत बसतो. एपीटीटीचे सॅम्पल खोलीच्या तापमानाला चार तासांत लागले पाहिजे; तेवढ्यात पोहोचणार नसेल तर इथेच दोनदा फिरवून प्लाझ्मा गोठवून पाठवा. थ्रॉम्बोप्लास्टिनचा लॉट बदलला की आयएसआय बदला आणि एमएनपीटी स्वतःच्या नॉर्मल्सवरून काढा. हे माहीत नाही असा आपल्यात कोणी नाही. करणारे थोडे आहेत.

आता पावसाळ्याचे. रक्त गोठण्याची एक जुनी, साधी टेस्ट खरोखर जीव वाचवते, आणि नेमकी तिचीच आबाळ आहे. लावणीला वाकलेल्या बाईला घोणस चावली किंवा गवत कापणाऱ्याला फुरसे डसले, तर कोअ‍ॅग्युलोमीटर नसलेल्या केंद्रात आधार असतो तो वीस मिनिटांच्या टेस्टचा. दोन मिलिलिटर ताजे रक्त, कोरडी काचेची नळी, वीस मिनिटे न हलवता, मग एकदाच तिरकी करायची. घोणशीच्या विषाने घटक दहा कसा चेतावतो हे डीआरव्हीव्हीटी करणाऱ्यांना सांगायला नको. रुग्णात तोच मारा फायब्रिनोजेन संपवतो आणि नळीत रक्त पाण्यासारखे वाहते.

पण नळी कोणती? खरेदी बहुतेक प्लास्टिकची होते. प्लास्टिकवर घटक बारा नीट चेतावत नाही, निरोगी रक्तही वेळेत गोठत नाही, आणि नको त्या रुग्णाला प्रतिविष जाऊन अ‍ॅनाफिलॅक्सिसचा धोका ओढवतो. साबणाने धुतलेली काचेची नळीही तितकीच निकामी. श्रीलंकेतल्या अभ्यासात रोजच्या धबडग्यात केलेल्या या टेस्टने निम्म्याहून अधिक बाधित रुग्ण सोडले. शिकवलेल्या हातांनी नीट केली तेव्हा पाचातले चार सापडले. टेस्ट तीच होती. केंद्र सरकारच्या मार्च २०२४ च्या कृती आराखड्यात सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचे उद्दिष्ट आहे. ते गाठायचे तर काचेच्या नळीची मागणी खरेदीच्या यादीत आली पाहिजे.

बिरवाडी-महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर जे काम केले ते रुग्णाच्या खाटेशी बसून, नोंदी ठेवून. ते आपल्याच जिल्ह्यात झाले. आपल्याला त्याच्या शतांशाने करायचे आहे.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती. न केलेली बीटी-सीटी आजपासून लिहू नका. बीटी-सीटी नाही म्हणून परत आलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत, रुग्णाचे नाव झाकून, आमच्याकडे पाठवा. त्या गठ्ठ्यासह आम्ही आरोग्य खात्याकडे जाऊ. आणि लावणी सुरू होण्याआधी दहा कोऱ्या काचेच्या नळ्या विकत घ्या. त्या एका डब्यात कोरड्या ठेवा, डब्यावर ‘सर्पदंश, धुऊ नये’ असे लिहा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरच्या हातात द्या. एकदा त्यांच्यासमोर स्वतःच्या रक्तावर टेस्ट करून दाखवा. वीस मिनिटे लागतील. घाई करू नका.