तंबू कोणाचे, तळे कोणाचे?

अकोले तालुक्यात कळसूबाई आणि रतनगड यांच्या मधल्या खोऱ्यात भंडारदऱ्याचा जलाशय पसरलेला आहे. शनिवार-रविवारी त्याच्या काठावर तंबूंच्या रांगा लागतात. वळवाचे ढग जमू लागले की काजवे पाहण्यासाठी मुंबई, पुणे, नाशिककडून मोटारींचा लोंढा सुरू होतो. कोंदट खोलीत आठवडा काढणाऱ्या नोकरदाराला एक रात्र मोकळ्या आभाळाखाली घालवावीशी वाटली, तर त्यात नाक मुरडण्याजोगे काही नाही. विश्रांती हा श्रमिकाचा हक्क मानणाऱ्यांनी तर ते मुळीच मुरडू नये. प्रश्न निराळा आहे. या काठावर कोणी, किती आणि कोणत्या अटींवर उतरावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

तेथील महादेव कोळी व ठाकर आदिवासींना तो आजवर कोणी विचारलेला नाही. ब्रिटिश सरकारने प्रवरेवर विल्सन धरण बांधले. १९२६ साली ते पुरे झाले. खोऱ्यातील जमीन पाण्याखाली गेली आणि पाणी कालव्यांवाटे संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या शिवारात पोचले. त्यावर ऊस पिकला, सहकारी साखर कारखाने उभे राहिले. सहकाराची थोरवी खोटी नव्हे. परंतु ती गाताना डोंगरातल्या या देण्याचे स्मरण क्वचितच होते. पुढे १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले आणि हिरडा वेचणारा, गुरे चारणारा माणूस आपल्याच रानात परवानगीचा धनी झाला.

आता पर्यटन आले आहे. गावातील तरुण तंबू लावतात, घरातील बाया पिठले-भाकरी रांधतात, चार पैसे गावात राहतात, हे चांगलेच आहे. परंतु जेथे बाहेरचे भांडवल शिरते तेथे जमिनीचा मालक स्वतःच्याच बांधावर रोजंदारीने भांडी घासू लागतो. शिवाय काजव्यांचे मीलन प्रकाशाच्या खुणांवर चालते. मोटारींच्या व विजेऱ्यांच्या झोतात त्या खुणा हरवतात. काजवे पाहायला यावे आणि काजव्यांचाच वंश खुंटवावा, असा हा उफराटा निसर्गप्रेमाचा सोहळा! वनखात्याची चिंता येथे रास्त आहे. मात्र खात्याला सुचणारा उपाय बहुधा एकच असतो: बंदी. बंदीने बडा व्यावसायिक अडत नाही, तो वाट काढतो. अडतो तो दोन तंबूंचा धनी.

कायद्याने तिसरी वाट दिलेली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार परंपरेने राखलेल्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळू शकतो, आणि अभयारण्याचे क्षेत्रही त्यातून वगळलेले नाही. तालुक्याच्या अनुसूचित भागाला १९९६ चा पेसा कायदाही लागू आहे. तंबूंची संख्या, पाण्यापासूनचे अंतर, दिवे विझविण्याची वेळ, कचऱ्याची जबाबदारी आणि शुल्काचा विनियोग या बाबी ग्रामसभेने ठरवाव्यात. काजव्यांची शास्त्रीय बाजू वनखात्याने तिला समजावून द्यावी.

यासाठी मोर्चापेक्षा चिकाटीचे काम अधिक लागेल. ज्या गावांचे सामूहिक दावे दाखल झालेले नाहीत तेथे कार्यकर्त्यांनी सीमांचे नकाशे, वृद्धांचे जबाब, जुने दाखले जमविण्यास हातभार लावावा. काजव्यांचा हंगाम मे महिन्याच्या अखेरीस सुरू होतो. निदान दिव्यांविषयीचे ठराव तरी ग्रामसभांनी त्यापूर्वी करून घेतले पाहिजेत.