पाव नसेल तर बंडाच मागा

या आठवड्यात जबलपुरात आणखी एक पाटी लागली: ‘असली मुंबई वडापाव’. गोरखपूर, सदर, राइट टाउन, कुठेही जा, असली एखादी पाटी दिसतेच. तिच्यावर लोकलचं नाहीतर गेटवेचं चित्र असतं. हातात पडतो तो मात्र आपलाच आलूबंडा, थोडा चपटा केलेला, पाकिटातून काढलेल्या गोड बनमध्ये कोंबलेला, वर हिरवी चटणी आणि अलीकडे मेयोनीजची एक धार. विक्रेत्यावर माझा राग नाही. गिऱ्हाईक मागतं ते तो देतो. राग आहे तो खाऊन झाल्यावर निघणाऱ्या निष्कर्षाचा: ‘जबलपूरला ती चव येतच नाही.’ खोव्याच्या जिलेबीवरच्या माझ्या लेखानंतर आलेल्या पत्रांतही हाच सूर होता, की गोडाचं ठीक आहे, पण तिखट-तळणीत मुंबईची सर नाही. ही तुलनाच चुकीच्या टोकाने धरली आहे, असं माझं म्हणणं आहे. चव तळणीत शोधली जाते आणि फरक पडतो तो पावात.

दोन्ही पदार्थ शेजारी ठेवून पाहा. मुंबईचा वडा मुळात पावात बसण्यासाठी केलेला असतो, म्हणून किंचित दाबलेला. बटाटा हाताने कुस्करलेला, त्यात हळद, आलं-लसूण-मिरचीचा ठेचा, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. बेसनाचं आवरण इतकं पातळ की दाताला आधी बटाटाच लागतो. आपला आलूबंडा गोल गरगरीत. त्याच्या भाजीत जाडसर कुटलेले धने आणि बडीशेप, आमचूर, गरम मसाला, मूठभर कोथिंबीर. आणि बाहेर बेसनाचं जाड कवच, जे दोन्यात फोडलं तरी आकार सोडत नाही. या कवचावर हिरवी आणि चिंचेची चटणी ओतली की ते ती पितं, तरी कड कुरकुरीत राहते. मुंबईच्या वड्यात जे काम पाव करतो, ते बंड्यात बेसन करतं. बंडा आपला पाव अंगावर घेऊनच कढईतून बाहेर येतो. त्यावर पुन्हा बन चढवणं म्हणजे भाकरीबरोबर पोळी खाणं. तोंडात नुसतं पीठ होतं, भाजी हरवते आणि बिचाऱ्या बंड्याला दोष मिळतो.

आता पाव. मुंबईची लादी भट्टीतून निघते तेव्हा पाव एकमेकांना चिकटून भाजलेले असतात, म्हणून बाजू मऊ राहतात आणि तांबूस साल फक्त माथ्यावर धरते. पीठ मैद्याचं, गोडवा नावापुरता, स्निग्धांश अगदी कमी. लादीतून पाव तोडला की कडेला रेषा सुटतात. त्या रेषांत लसणाची सुकी चटणी अडकते, वड्याचं तेल मुरतं, आणि बोटाने दाबलेला पाव पुन्हा वर येतो. हा गुण फार तर अर्धा दिवस टिकतो. म्हणून तिथे पाववाला सायकलवरून सकाळी फिरतो आणि संध्याकाळी पुन्हा फिरतो. पोर्तुगीजांच्या ‘पाँव’पासून निघालेली, गोव्यात माडाच्या ताडीने पीठ फुगवणाऱ्या पोदेरांनी जोपासलेली आणि पुढे मुंबईच्या गोवेकर व इराणी बेकऱ्यांनी वाढवलेली ही साखळी आहे. तिची एक कडी निसटली तरी वडापाव पडतो. आपल्याकडे जो बन वापरतात तो टिकावा म्हणूनच घडवलेला असतो: साखर, तेल, मऊपणा राखणारी इमल्सिफायरं, बुरशी धरू नये म्हणून कॅल्शियम प्रोपिओनेट. तो दाबला की दाबलेलाच राहतो, टाळूला चिकटतो, आणि तिखट चटणीवर त्याचा गोडवा स्वार होतो. टिकाऊपणासाठी काय काय घातलं जातं हे २०१६ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दाखवलं होतं. पाकीटबंद ब्रेड, पाव, बन आणि फास्ट फूडच्या दुकानांतले बर्गर-ब्रेड असे ३८ नमुने त्यांनी तपासले. त्यांतल्या ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. त्याच वर्षी ब्रोमेटवर बंदी आली. बंदी योग्यच होती. पण पावाच्या ताजेपणाचा प्रश्न रसायन काढून सुटत नाही, त्याला जवळ भट्टी लागते.

हे बटाट्यापुरतंच आहे असं कुणी म्हणेल, म्हणून कोंबडीकडे पाहू. फ्राइड चिकन सँडविचवरून अमेरिकेत ऑगस्ट २०१९मध्ये केवढं काहूर उठलं होतं ते वाचकांना आठवत असेल. पोपायज या साखळीने आपलं सँडविच आणलं आणि दोन आठवड्यांत माल संपला. त्या गदारोळात वाद मसाल्याइतकाच बनवरही झाला: लोणी लावून शेकलेला ब्रियोश चांगला, की प्रतिस्पर्धी चिक-फिल-एचा साधा बन? काकडीच्या लोणच्याच्या चकत्या किती जाड? आणि नॅशव्हिलमध्ये तर लाल तिखटात न्हालेली कोंबडी साध्या पांढऱ्या ब्रेडच्या तुकड्यावर ठेवतात, तिचं तेल आणि तिखट शोषून घ्यायला. म्हणजे तिथेही प्रांत बदलला की तळलेल्या कोंबडीखालचा ब्रेड बदलतो. आपल्याकडे मोठ्या कंपन्या आल्या त्या हा प्रांतभेद पुसून टाकायचं वचन देत: केएफसी १९९५ला बंगळूरला, मॅकडोनाल्ड्स १९९६ला दिल्ली-मुंबईला, पोपायज २०२२ला पुन्हा बंगळूरलाच. एकच पाककृती, देशभर एकच चव. ते वचन किती पोकळ निघू शकतं हे २०१७ साली दिसलं. मॅकडोनाल्ड्सचा पश्चिम-दक्षिणेचा कारभार एका भारतीय कंपनीकडे आणि उत्तर-पूर्वेचा दुसरीकडे होता. उत्तरेत भागीदारांचं भांडण विकोपाला गेलं. जूनमध्ये दिल्लीतली ४३ दुकानं परवान्यांअभावी बंद पडली. डिसेंबरमध्ये माल पोहोचवणाऱ्या कंपनीने हात काढून घेताच उत्तर-पूर्वेतली ८०हून अधिक दुकानं ठप्प झाली. त्याच पाटीखाली मुंबईत विक्री चालूच होती. पाककृती दोन्हीकडे एकच होती. फरक होता तो माल रोज दारात येण्याचा. कोंबडीचं जे, तेच वड्याचं. धीरज गुप्तांनी २००१मध्ये जम्बोकिंग काढलं, २००४मध्ये कल्याणमधून गोली वडापाव निघालं; वडा कारखान्यात बनवून, गोठवून दूरवर नेता येतो हे अशा साखळ्यांनी सिद्ध केलं. ताजी लादी मात्र अजून कुणाला गोठवता आलेली नाही.

रेल्वेचा नकाशा घेतला तर हे आणखी स्पष्ट होतं. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे, या दोन्हींचे रूळ ७ मार्च १८७० रोजी आपल्याच शहरात जोडले गेले. दोन रेल्वेंचं हे मीलनस्थान म्हणजे खाण्याच्याही दोन प्रांतांची शीव आहे, असं मला कायम वाटत आलं आहे. मुंबई सोडून नाशिक-खानदेशाकडे या, तर वड्याला पावात ठेवण्याऐवजी भाजी भरलेला पावच बेसनात बुडवून तळतात, तो पाववडा. उत्तरेकडे सरकलात की लादी सुटते आणि ब्रेडचा तुकडा बेसनात लपतो; तो ब्रेडपकोडा. पाव जितका दुर्मीळ किंवा शिळा, तितका तो बेसनाखाली झाकला जातो. दक्षिणेला कोल्हापुरात वड्यासोबत जाड कापलेला स्लाइस ब्रेड येतो, लादी नाही, आणि त्या माणसांना मुंबईपुढे कमीपणा वाटल्याचं मी कधी ऐकलं नाही. नागपुरात आलूबोंड्यावर झणझणीत रस्सा पडतो. पाव हवाच असं कुणी म्हणत नाही. मुंबईपासून सुमारे हजार किलोमीटरवर, जबलपुरात, बेसनाने पावाची जागा पूर्णपणे घेतलेली आहे. हा उणेपणा मानायचा की शहाणपणा? मी शहाणपणा मानतो.

त्यामागे कारणही आहे. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६च्या सुमारास वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. गिऱ्हाईक होतं गिरणीकडे धावणारं, एका हाताने लोकलचा दांडा धरणारं. त्याला ताटली नको होती, बसायला वेळ नव्हता, हात तेलकट करून चालणार नव्हतं. पाव ही त्या माणसाची ताटलीही होती आणि रुमालही. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या तेव्हा अनेक कामगारांनी याच वडापावच्या गाड्या टाकून घर चालवलं. त्या पावात त्या शहराच्या कष्टाचा इतिहास आहे, त्याचा मान राखलाच पाहिजे. आपलंही शहर कामगारांचं: गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची, मग खमरियाची, मग व्हेइकल फॅक्टरी. पण इथला कामगार सायकलवर डबा बांधून इस्टेटमधून कारखान्यात गेला. त्याने बंडा खाल्ला तो सुट्टी झाल्यावर, चौकात उभं राहून, दोना हातात धरून, गप्पा मारत. त्याला पावाची गरज पडली नाही, म्हणून या शहरात दुपारी निघणारी लादीची भट्टी उभी राहिली नाही.

आणि आपल्या मराठी घरांना तर मुंबईच्या आठवणीवर रडण्याचं काही कारणच नाही. या शहराशी मराठ्यांचा संबंध आला तो १७८१मध्ये सागरच्या मराठा सत्तेमुळे, मग १७९८पासून नागपूरकर भोसल्यांमुळे. पुढे १ नोव्हेंबर १९५६पर्यंत आपली राजधानी नागपूर. इथल्या बहुतेक मराठी घरांच्या स्वयंपाकघरात वारशाने आला असेल तर आलूबोंडा आला असेल, वडापाव नव्हे. वडापाव जन्मला तो आपण नागपूरपासून वेगळे झाल्यावर दहा वर्षांनी. कमानिया गेटजवळच्या बडकुलांची खोव्याची जिलेबी १८८९ची, म्हणजे वडापावच्या आजोबांच्या वयाची. जी आठवण आपली नाही ती उसनी घेऊन स्वतःच्या शहराला नापास करायचं, ही सवय आता सोडली पाहिजे.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, मुंबईच्या पाण्यातच चव आहे. पावाचं शहाणपण पाण्यावर ढकलणं मला पटत नाही. नर्मदेच्या पाण्याने पीठ फुगत नाही असं कुणी म्हणू शकेल का? दुसरा, चव ही ज्याची त्याची. मान्य, पण शिळा बन कुणालाच ताजा लागत नाही. तिथे आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. तिसरा आक्षेप वजनदार आहे: मुंबईतही आता तो पाव कुठे राहिला? जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धुराने श्वास कोंडणाऱ्या शहरात हा आदेश चुकीचा म्हणता येणार नाही, आणि लाकडाची धग गेल्यावर पावाची साल बदलेल ही बेकरीवाल्यांची भीतीही खोटी नाही. पण यातून माझंच म्हणणं पक्कं होतं. वडापावच्या भवितव्याची काळजी करताना मुंबईकर वड्याबद्दल बोलत नाहीत, भट्टीबद्दल बोलतात.

तेलाबद्दल लिहिल्याशिवाय मी थांबत नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. १ जुलै २०१८पासून देशात नियम आहे: तळणाच्या तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही. नुसत्या बंड्यात जुनं तेल पहिल्या घासाला ओळखू येतं, कवच काळपट आणि कडसर लागतं. बन, मेयोनीज आणि गोड चटणीखाली ते लपतं. पाट्या वाढल्या तशी तेल बदलण्याची घाई कमी झाली, असं माझं ठाम मत आहे, आणि गिऱ्हाइकाने नुसता बंडा मागायला सुरुवात केली तर कढई आपोआप स्वच्छ होईल.

सदरच्या आणि गोरखपूरच्या बेकरीवाल्यांना एकच विनंती. दुपारी चारला एक लादी काढून पाहा, कमी साखरेची, पाकीट न लावता विकायची. ती आठवडाभर संपली, तर ‘मुंबई वडापाव’ची पाटी लावायला माझी हरकत नाही. तोवर वाचकहो, गाडीवर उभे राहिलात की बन परत करा, ताज्या घाण्याचा बंडा दोन्यात फोडून मागा, आणि वर दोन्ही चटण्या घ्या.